आधी चॉसर की आधी स्पेन्सर?

जुनी इंग्रजी कविता वाचायचं मनावर घेतलं की दोन जाडजूड ग्रंथ समोर येतात: जेफ्री चॉसरचं 'कँटरबरी टेल्स' आणि एडमंड स्पेन्सरचं 'फेअरी क्वीन'. दोन्ही अपुरे. कँटरबरीला निघालेल्या चॉसरच्या यात्रेकरूंनी वाटेत प्रत्येकी चार गोष्टी सांगायचा बेत होता. हाती आल्या २४, त्यातल्याही काही अर्धवट. स्पेन्सरला बारा खंड लिहायचे होते. १५९० मध्ये तीन निघाले, १५९६ मध्ये आणखी तीन. त्यामुळे सगळं वाचून संपवायचा हट्ट धरायचं कारण नाही. कुठून सुरुवात करायची, एवढंच ठरवायचंय.

चॉसर १४०० मध्ये वारला, स्पेन्सर १५९९ मध्ये. दोनशे वर्षांचं अंतर, तेव्हा स्पेन्सर सोपा जाणार असं वाटतं. पहिल्या पानावर तसं होतंही. पण स्पेन्सरने मुद्दामच जुने, त्याच्या काळातही वापरातून गेलेले शब्द गोळा केले. ही मुळी भाषाच नव्हे, असा शेरा शेक्सपिअरचा समकालीन नाटककार बेन जॉन्सन याने मारला होता. चॉसरचं उलटं आहे. तो तेव्हाच्या लंडनची चालती भाषा लिहितो, आज फक्त तिचं स्पेलिंग बुजवतं. आपण टिपांच्या आधाराने लीळाचरित्र वाचतो ना, तसंच. थोडं अडखळायला होतं, मग कान सरावतो.

एक युक्ती मात्र आवश्यक: मोठ्याने वाचा. पहिल्या ओळीतलं 'शूरेस सोते' (गोड सरी) आजच्यासारखं उच्चारलं तर ओळ लंगडते, कारण 'सोते'मधला शेवटचा स्वर चॉसरच्या काळी उच्चारात होता. पुढे तो गळाला आणि चॉसरला छंदच जमत नव्हता असा लोकांनी ग्रह करून घेतला. १७७५ च्या सुमारास टिरव्हिट नावाच्या संपादकाने हा घोळ निस्तरला.

चॉसर हा दारूच्या व्यापाऱ्याचा मुलगा. लंडन बंदरात लोकरीच्या जकातीचा हिशेब त्याने बरीच वर्षं पाहिला. माणसं हेरायची नजर तिथेच तयार झाली असावी, असं मला वाटतं. त्याच्या यात्रेकरूंतली मठाधिकारीण बघा. ती जेवताना वरचा ओठ इतका स्वच्छ पुसते की पेल्यात तुपकट ठिपकासुद्धा दिसत नाही. सापळ्यात उंदीर सापडला तरी तिला रडू येतं. पुढे हीच बाई जी गोष्ट सांगते ती ज्यूंच्या द्वेषाने भरलेली आहे. चॉसर टिप्पणी करत नाही. त्याला काय म्हणायचंय यावर अभ्यासक अजून भांडतात.

स्पेन्सरकडे अशी माणसं नाहीत. तिथे सद्गुण चिलखत घालून हिंडतात. पहिल्याच सर्गात 'भ्रांती' नावाची राक्षशीण ओकते, आणि ओकारीतून पुस्तकं आणि कागद पडतात! असं चित्र चॉसरला सुचलं नसतं. आणि स्पेन्सरचा छंद! नऊ ओळींचं कडवं, त्यातल्या आठ दहा-दहा अक्षरांच्या, शेवटची बारांची. प्रत्येक कडवं शेवटी जरा रेंगाळतं. वीस कडवी झाली की माझे डोळे जड होतात, हे कबूल करतो. पण कीट्सला, बायरनला, शेलीला याच कडव्याने वेड लावलं. बायरनचं 'चाइल्ड हॅरल्ड' आणि शेलीचं 'अडोनेइस' त्यातच लिहिलेत. स्पेन्सरला 'कवींचा कवी' म्हणतात ते उगाच नाही.

चॉसरचा वारसा जास्त पसरट. यमकाने जोडलेल्या दहा अक्षरी ओळींत गोष्ट सांगायची रीत इंग्रजीत त्याने रुजवली. सतराव्या शतकातला कवी ड्रायडन याने त्याला इंग्रजी कवितेचा जनक म्हटलं, आणि शेक्सपिअरनेही त्याच्याकडून कथानकं घेतली.

स्पेन्सरबद्दल एक गोष्ट आधीच माहीत असावी. तो आयर्लंडमध्ये इंग्रजी सत्तेचा अधिकारी होता, जप्त जमिनीवर राहत होता, आणि आयरिश लोकांना उपासमारीने नमवण्याचा उपाय त्याने गद्यात लिहून ठेवलाय. १५९८ च्या बंडात त्याचा वाडा जळाला. न्यायावरचा पाचवा खंड हे विसरून वाचता येत नाही.

माझं मत चॉसरच्या बाजूने. ८५८ ओळींची प्रस्तावना घ्या, मग 'पार्डनर'ची, म्हणजे पापमाफीची पत्रं विकणाऱ्याची गोष्ट. मृत्यूला ठार मारायला निघालेल्या तिघांना सोनं सापडतं आणि ते एकमेकांचा जीव घेतात. हे कथाबीज आपल्याकडच्या वेदब्भ जातकातही आहे, त्यामुळे परकं वाटणार नाही. मात्र तुम्ही स्वतः कविता लिहीत असाल, छंदाशी झटत असाल, तर खुशाल स्पेन्सरपासून सुरू करा. त्यातही आधी 'एपिथलेमियन', स्वतःच्या लग्नावर त्याने लिहिलेलं गाणं.

'फेअरी क्वीन'च्या चौथ्या खंडाला हात लावण्यापूर्वी मात्र चॉसरची 'स्क्वायर'ची, म्हणजे सरदाराच्या तरुण मुलाची अर्धवट गोष्ट वाचाच. चॉसरला इंग्रजीचा निर्मळ झरा म्हणत स्पेन्सर तिथे तीच गोष्ट पुढे नेतो.