माशांसाठी ड्रम घ्यायचा असेल तर ड्रमवाले चाचा

नाशिकच्या अंबड लिंक रोडवरून आतल्या गल्लीत वळलं की पत्र्याच्या शेडखाली निळ्या ड्रमांची उतरंड लावलेली दिसते. दुकानाला पाटी नाही. सगळे ‘ड्रमवाले चाचा’ म्हणूनच ओळखतात. मी त्यांच्याकडून दोन वर्षांपूर्वी दोन ड्रम घेतले. आज त्यातल्या एकात मासे आहेत आणि दुसऱ्यात पालक. इतके दिवस वापरून झालं, म्हणून आता मोकळेपणाने लिहिते.

मी घरून डबे देते. रोज चौदा डबे, बहुतेक एमआयडीसीत कामाला असलेली मुलं. पालक, कोथिंबीर, पुदिना रोज लागतोच, आणि पावसाळ्यात कोथिंबिरीच्या जुडीचा भाव ऐकला की हात आखडतो. गच्चीवर अ‍ॅक्वापोनिक्स करायचं ठरवलं ते त्यामुळे. माशांचं पाणी पंपाने वर खडीच्या वाफ्यात जातं, खडीवरचे जिवाणू त्यातल्या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, ते झाडं खातात आणि निवळलेलं पाणी परत माशांकडे येतं. माती नाही, खत नाही. पाणी फक्त उडून जाईल तेवढं भरायचं.

पण पहिला ड्रम मी चाचांकडून घेतला नव्हता. दुसऱ्या एका ठिकाणी दीडशे रुपये स्वस्त मिळाला. ‘पाण्याचाच आहे ताई’ म्हणाले. स्टिकर खरवडून काढलेलं होतं, तेव्हाच मला कळायला हवं होतं. चार वेळा सोड्याने धुतला, दोन दिवस उन्हात ठेवला, पाणी भरलं आणि आधी तीन गप्पी सोडले. तिसऱ्या दिवशी सकाळी झाकण उघडलं तर नेलपॉलिशसारखा गोडसर वास आला. संध्याकाळपर्यंत तिन्ही मासे वर तरंगत होते. एवढेसे मासे, पण मला रात्रभर झोप लागली नाही. त्या पाण्यातला पालक मी पोरांच्या डब्यात भरणार होते!

त्यानंतर शेजारच्या वहिनींनी चाचांचा पत्ता दिला. मी गेल्या गेल्या सांगितलं, मासे पाळायचेत, वर भाजी लावायची आहे. त्यांनी किमतीचं काही न बोलता मला सरळ मागच्या रांगेत नेलं. पुढच्या रांगेतल्या चकचकीत ड्रमांवर हात ठेवून म्हणाले, “ताई, यह केमिकल का है, इसमें मछली मत डालना.” ते ड्रम दिसायला जास्त चांगले होते आणि मी मागितला असता तर विकलाही गेला असता. मागच्या रांगेत लिक्विड ग्लुकोजचे, व्हिनेगरचे आणि सॉसच्या कंपनीतून आलेले ड्रम होते, आणि प्रत्येकावर मूळ लेबल जसंच्या तसं. चाचा लेबल काढतच नाहीत. आत काय होतं ते गिऱ्हाइकाने स्वतः वाचावं, असं त्यांचं म्हणणं. टोकावर उभ्या केलेल्या चौकोनाचं धोक्याचं चिन्ह ज्यावर असेल तो ड्रम ते घरगुती वापराला देत नाहीत.

आणि त्यांनी जी परीक्षा दाखवली ती मी जन्मभर विसरणार नाही. ड्रममध्ये तांब्याभर पाणी टाकायचं, दोन्ही बुचं घट्ट लावायची आणि भर उन्हात आडवा ठेवायचा. तीन-चार तासांनी बूच काढून लगेच नाक लावायचं. प्लॅस्टिक थंड असताना वास धरून बसतं, तापलं की सोडतं. लोणच्याचा प्लॅस्टिकचा डबा कितीही घासला तरी उन्हात ठेवल्यावर मोहरी-हिंगाचा वास येतोच, तसंच हे. माझं आयुष्य स्वयंपाकघरात गेलंय, नाकावर माझा भरवसा आहे. ग्लुकोजच्या ड्रमला काकवीसारखा अगदी पुसट वास होता, दुसरं काही नाही. तो तीन पाण्यांत गेला.

दोन ड्रमांचे प्रत्येकी साडेआठशे रुपये झाले. कापून देण्याचे ड्रममागे शंभर वेगळे. एक आडवा ठेवून वरून खिडकीसारखा कापला, तो माशांचा. दुसरा मधोमध उभा चिरला, त्याचे दोन वाफे झाले. कापणी मात्र ओबडधोबड आहे. कडा वाकड्या आल्या आणि इतक्या धारदार की आमच्या ह्यांचा अंगठा कापला. ह्यांनी मग जुना पाण्याचा पाइप उभा चिरून सगळ्या कडेला बसवला. टेम्पो चाचांकडे नाही. छोट्या हत्तीचे तीनशे रुपये आपले आपण द्यायचे. छापील बिलही मिळत नाही, मागितलं तर कागदावर लिहून देतात. शनिवारी दुकान बंद असतं.

बाकीची जुळणी घरच्याच भंगारातून झाली. वाफ्यांखाली सासूबाईंच्या लोखंडी पलंगाचा सांगाडा आहे, त्याला ह्यांनी उंच पाय वेल्ड केले. ड्रमांवर ऊन पडलं की आत शेवाळ धरतं आणि प्लॅस्टिकही लवकर ठिसूळ होतं, म्हणून भोवती जुना फ्लेक्स गुंडाळला, पांढरी बाजू बाहेर. रोपं तयार करायला तेलाचे पंधरा लिटरचे कॅन अर्धे कापले. ते माझ्याकडे ढिगाने असतात. पंप कूलरचा, अठरा वॅटचा. चोवीस तास चालला तरी महिन्याला तेरा युनिट. मासे, पाइप सगळं धरून पाच हजारांच्या आत काम झालं.

खडीबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण इथे बऱ्याच जणांचं फसतं. शेजारच्या बांधकामावरची उरलेली वीस एमएम खडी मिळाली. आपल्याकडचा काळा दगड माशांना चांगला, पाण्यात काही सोडत नाही. पण नाशिकच्या दगडात मधेमधे पांढऱ्या शिरा असतात. असा एक खडा मी वाटीत घेऊन वर व्हिनेगर ओतलं तर बारीक बुडबुडे सुटले, इनो टाकल्यासारखे. म्हणजे त्यात चुना. असे खडे जास्त झाले की पाण्याचा पीएच वर जातो आणि झाडांना लोह मिळेनासं होतं. दोन दुपारी बसून पांढरे खडे निवडले, डाळीतले निवडतात तसे. मग बाकीची खडी पाणी नितळ निघेपर्यंत धुतली. एका वाफ्यात सव्वाशे किलोच्या आसपास बसली. एवढं वजन गच्चीच्या मधोमध ठेवू नका. आम्ही भिंतीलगत, खाली बीम आहे तिथेच ठेवलंय.

पहिले पाच आठवडे तीनच मासे ठेवले, जिवाणू खडीवर बसेपर्यंत. मत्स्यालयवाल्यांकडे थेंबांचं टेस्ट किट मिळतं, त्याने दर दोन दिवसांनी पाणी तपासायचे. अमोनिया वर गेला, मग नायट्राइट वर गेलं, आणि एके सकाळी दोन्ही जवळजवळ शून्यावर. त्या दिवशी मी पेढे आणले, खरंच. मग आणखी नऊ कोई, म्हणजे शोभेचे रंगीत मासे, सोडले. ते खायचे नाहीत, आमच्याकडे मासे शिजत नाहीत. इथल्या थंडीत तिलापियाचा निभाव लागत नाही, कोई मात्र दोन्ही हिवाळे टिकले. थंडीत ते कमी खातात, तेव्हा खाणंही कमीच टाकायचं. नळाचं पाणी थेट ओतायचं नाही. बादल्यांत दोन दिवस उघडं ठेवलं की क्लोरीन उडून जातं.

पालक आणि पुदिना भरभरून येतात. अळू तर जणू त्यासाठीच जन्मलाय. कोथिंबीर हिवाळ्यात उत्तम, मे महिन्यात लगेच फुलावर जाते. टोमॅटोने मला निराश केलं, पानंच पानं आणि फळ चार. पालकावर मावा आला तर पाण्याच्या जोराच्या फवाऱ्यानेच धुते. निंबोळी तेलाला मी हात लावत नाही, कारण ते ठिबकून माशांपर्यंत जातं. गेल्या मे महिन्यात रात्री अडीच तास वीज गेली आणि सगळे मासे तोंड वर काढून धापा टाकत होते. मी आणि लेक तांब्याने पाणी उचलून उंचावरून ओतत राहिलो. दुसऱ्याच दिवशी बॅटरीवरचा हवेचा पंप आणला. तो तुम्ही पहिल्या दिवशीच आणा.

ड्रमांचं म्हणाल तर दोन वर्षांत एकही तडा नाही, गळती नाही. मासे सोडून सहा महिने झाले तेव्हा मी चाचांना कोथिंबिरीची जुडी नेऊन दिली. त्यांनी आधी वास घेतला, मग मान डोलावली.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा गुण त्या धारदार कडांसाठी कापला. जाण्याआधी काय हवंय ते नीट ठरवून जा आणि मासे पाळायचेत हे पहिल्या वाक्यात सांगा. खाद्यपदार्थांचे ड्रम नेहमीच नसतात, कधी आठवडाभर थांबावं लागतं. थांबा, पण पुढच्या रांगेतला घेऊ नका. मला तिसरा हवाय, वाफा वाढवायला. व्हिनेगरचा आला की ते निरोप पाठवणार आहेत.