१०५० टीआय म्हणून जुनंच ग्राफिक कार्ड दिलं, वरून पीसीला वीज देणारा ५०० वॅटचा एसएमपीएस गळ्यात मारला

जुन्या ऑफिसच्या डेस्कटॉपमध्ये ग्राफिक कार्ड टाकायचा विचार असंल तर पैसे देण्याआधी हे वाचा, कारण नांदेडात आम्हाला एकाच दुकानदारानं एकाच बैठकीत दोनदा गंडवलं आणि दुसरी टोपी पहिलीच्या आधारानं घातली.

माझा धाकटा भाऊ परभणीत लग्नाचं शूटिंग करतो, एडिटिंगला कार्ड पाहिजे होतं, पीसी सेकंडहँड, आय-५ प्रोसेसरचा. दुकानात जीटीएक्स १०५० टीआय, ४ जीबी, नवं कोरं, साडेपाच हजार सांगितलं. डबा बरोबर, स्टिकर बरोबर, चमचम दोन फॅन. कार्डाच्या कडेला पावरसाठी ६ पिनचं सॉकेट होतं, ते दाखवून दुकानदार म्हणला, "दादा, तुमचा जुना एसएमपीएस याला पुरणार नाही, ५०० वॅटचा घेऊन जा, उद्या बोर्ड जळालं तर मला बोलू नका." झालं, अकराशे अजून गेले.

आता खरी गोम इथं आहे बगा. ज्या स्लॉटमध्ये कार्ड बसतं तो पीसीआय एक्सप्रेसचा लांब स्लॉटच ७५ वॅटपर्यंत पावर देतो, आणि खरं १०५० टीआय ७५ वॅटचंच आहे, म्हणून त्याच्या बऱ्याच मॉडेलला वेगळी वायर लागतच नाही (काही मॉडेलला ६ पिन असते, त्यामुळं निव्वळ सॉकेट बघून नकली म्हणता येत नाही). आमच्या डब्यात निघालं २०११ सालचं जीटीएक्स ५५० टीआय, त्यातलं बायोस (कार्डाची ओळख सांगणारं आतलं सॉफ्टवेअर) बदलून नाव १०५० टीआय केलेलं. ते जुनं धूड ११६ वॅट खातं, म्हणून त्याला ६ पिन पाहिजे. म्हणजे नकली कार्डाची भूक दाखवून त्यानं एसएमपीएस विकला, आणि तो एसएमपीएस पण तसलाच!

लेबलवर मोठ्या अक्षरात ५०० वॅट, खाली बारीक टेबलात १२ व्होल्टसमोर १४ अँपिअर. गुणाकार करा, १६८ वॅट. प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही जगतात या १२ व्होल्टच्या लाईनवरच, बाकीचे आकडे कार्डाच्या काही कामाचे नाहीत. वजनाला पण हलका, हातात घेतला की रिकामा डबा वाटतो. त्याला ६ पिनची वायरच नव्हती, मग हार्डडिस्कवाल्या चार पिनच्या मोलेक्सला कन्व्हर्टर लावून दिला, त्याची दोन्ही तोंडं एकाच वायरवर. भावानं व्हिडिओचा एक्स्पोर्ट लावला की दहा मिनिटात पीसी बंद, परत चालू केला की परत बंद, आणि मग जळका वास यायला लागला. उघडून बघितलं तर कन्व्हर्टरमध्ये पिवळी वायर घुसते तिथलं पांढरं प्लास्टिक वितळून पिनेला चिकटलेलं. दुकानदाराला फोन केला तर म्हणतो, तुमच्याकडं व्होल्टेज लई खालवर होतंय, स्टॅबिलायझर घ्या. म्हणजे अजून एक वस्तू!

दुकानातून निघताना दुकानदारानं एक सांगितलं होतं, ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) अपडेट करू नका, हँग होतंय. ते का सांगितलं ते नवा ड्रायव्हर टाकल्यावर कळलं, स्क्रीन काळीच. मग लातूरहून आतेभाऊ आला, त्यानं जीपीयू-झेड नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर चालवलं, कार्डाच्या नावाआधीच कंसात फेक लिहून आलं. खऱ्यात ७६८ कुडा कोअर (चिपमधले हिशोब करणारे बारके भाग) असतात, आमच्यात १९२. आतेभाऊ लई हसला, भाऊ काही हसला नाही.

तर दुकानातच पीसीला लावून जीपीयू-झेड चालवून दाखवा म्हणा, टाळाटाळ केली की उठा. मागच्या पट्टीवर जुन्या मॉनिटरच्या वायरीचं निळं व्हीजीए पोर्ट असंल तर डोकं ताळ्यावर ठेवा, १०५० टीआयच्या चिपमध्ये व्हीजीएचं आउटपुटच नाही. हार्डडिस्कला वीज देणाऱ्या साटाच्या वायरीवरून ६ पिन करणारा कन्व्हर्टर तर अजिबात नको, साटाचं कनेक्टर १२ व्होल्टवर ४.५ अँपिअरचं, म्हणजे ५४ वॅट, आणि ६ पिन मागते ७५ पर्यंत. प्रोसेसरची ८ पिन वायर कार्डात बसती का म्हणून जोर लावू नका, तिच्यात पिवळ्या-काळ्याची बाजू उलटी असते. आणि काही कंपन्यांच्या डेस्कटॉपला मदरबोर्डाचा पावरचा जॅकच वेगळा येतो, बाजारातला एसएमपीएस बसतच नाही, आमचा बसला तेवढं नशीब.

बिल कच्चं, एस्टिमेटच्या कागदावर. पण व्हॉट्सॲपवर दुकानदारानं स्वतः १०५० टीआय ५५०० असं टाइप केलेलं आहे आणि यूपीआयची एंट्री आहे, ते दोन्ही जपून ठेवलं आणि १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला तक्रार टाकली. २०१९ च्या ग्राहक कायद्यानं दोन वर्षांच्या आत केस करता येते, पाच लाखापर्यंत फी नाही, आणि माल नांदेडचा असला तरी केस आपण राहतो त्या जिल्ह्यात लावता येते, हे त्याला सांगितलं. आधी वापरलेला माल परत नाही म्हणत होता, आता म्हणायलाय एसएमपीएसचे अकराशे घ्या आणि मिटवा. आम्ही कार्डाचे पण मागितलेत, पूर्ण, नाहीतर परभणीच्या ग्राहक आयोगात भेटू म्हणून कळवलंय.