कॅरिबियन क्रूझ: सप्टेंबरात स्वस्तात की डिसेंबरात निवांत?

मायामीहून निघणारी सात रात्रींची सफर सप्टेंबरात हाताशी येईल अशा भावात मिळते, आणि नाताळात तिचेच दर गगनाला भिडतात. स्वस्ताईमागचं कारण कळलं की निवड सोपी होते.

अटलांटिकमधल्या हरिकेनचा, म्हणजे चक्रीवादळांचा, हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर. खरा जोर ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, आणि टोक १० सप्टेंबरच्या आसपास. १९९१ ते २०२० ची सरासरी पाहिली तर एका हंगामात नाव मिळालेली १४ वादळं होतात. त्यांतली ७ हरिकेन बनतात आणि ३ वाऱ्याच्या वेगानुसार ठरणाऱ्या पाच श्रेणींपैकी तिसऱ्या किंवा त्यावरच्या श्रेणीत जातात.

पण या काळात भाव उतरतात आणि कॅरिबियनच्या फेऱ्याही घटतात, त्या केवळ वादळाच्या धास्तीने नव्हे. सप्टेंबरात अमेरिकेतल्या शाळा सुरू झालेल्या असतात, कुटुंबं घरी बसतात. त्याच सुमारास अलास्का, भूमध्य समुद्र आणि पानगळीचे रंग दाखवणारा न्यू इंग्लंड-कॅनडा मार्ग चांगलं भाडं देतात. हॉटेल उचलून दुसरीकडे नेता येत नाही, जहाज येतं. काही जहाजं या मंदीत दुरुस्तीसाठी गोदीतही जातात. बाहेर गेलेली जहाजं ऑक्टोबर-नोव्हेंबरात अटलांटिक ओलांडून किंवा पनामा कालव्यातून परततात, आणि मग पर्याय एकदम वाढतात.

सप्टेंबर ते मध्य-ऑक्टोबर. जहाजाच्या सुरक्षिततेची काळजी सहसा नको. मोठं जहाज २० ते २२ नॉट, म्हणजे ताशी साधारण ३७ ते ४१ किलोमीटर वेगाने जातं. उष्ण कटिबंधातलं वादळ बहुतेक वेळा त्याहून बरंच सावकाश सरकतं. कप्तान वळसा घालतो. अडचण होते ती बंदरांची. अमेरिकन तटरक्षक दल वादळी वारे पोहोचायला ७२ तास उरले की 'व्हिस्की', ४८ तासांवर 'एक्स-रे', २४ वर 'यँकी' आणि १२ वर 'झुलू' स्थिती लावतं. 'झुलू'मध्ये बंदर बंद. मग परतीचा दिवस पुढे ढकलला जातो. २०१७ च्या ऑगस्टमध्ये हार्वे वादळाने टेक्सासमधलं गॅल्व्हस्टन बंदर बंद पाडलं, तेव्हा तिथे परतणाऱ्या काही जहाजांना न्यू ऑर्लिन्स गाठावं लागलं होतं.

वाटेतली बेटंही बदलतात. ग्रँड केमन आणि बेलीझ सिटीला जहाज धक्क्याला लागत नाही, छोट्या बोटींतून उतरावं लागतं. वादळ शेकडो किलोमीटर दूर असलं तरी त्याच्या लाटा आधी पोहोचतात आणि असे थांबे सर्वांत आधी रद्द होतात. बेट चुकलं तर तिथले बंदर-कर परत मिळतात. सफरीचं भाडं नाही. करारात मार्ग बदलण्याचा हक्क कंपनीने आधीच राखून ठेवलेला असतो.

याच काळात जायचं असेल तर दक्षिण मार्ग बघा. आरुबा, बोनेअर आणि कुरासाव साधारण १२ अंश उत्तरेला, नेहमीच्या वादळवाटेच्या खाली आहेत. तिथे धोका शून्य नाही, पण सेंट मार्टिन किंवा बहामाजपेक्षा खूपच कमी. सेंट मार्टिनला २०१७ मध्ये इर्माने झोडपलं, बहामाजला २०१९ मध्ये डोरियनने. मात्र जहाज फ्लोरिडाहून सुटत असेल तर जाता-येता वादळपट्टा ओलांडावाच लागतो.

नोव्हेंबर-अखेर ते डिसेंबर. वादळाची चिंता जवळजवळ संपते. त्रास संपतो असं नाही: उत्तरेकडून थंड वाऱ्याच्या लाटा येतात, कोझुमेलचा धक्का अधूनमधून बंद होतो आणि बहामाजमध्ये पोहायला गारठा वाटू शकतो. थँक्सगिव्हिंगचा (नोव्हेंबर-अखेरच्या अमेरिकन सणाचा) आठवडा आणि नाताळ महाग. या दोहोंमधले, डिसेंबरचे पहिले दोन आठवडे, आमच्या मते सौदा म्हणून सर्वांत चांगले. भारतातून दिवाळीच्या सुट्टीत निघणाऱ्यांनी तारीख तपासावी. दिवाळी ऑक्टोबरात आली तर सुट्टी हंगामाच्या जोराच्या काळाला चिकटून येते. २०२६ मध्ये लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे, म्हणजे जोर बराच ओसरलेला असेल.

थोडक्यात, रजा दोन-तीन दिवस वाढवता येत असेल आणि जहाजावर राहण्यातच मजा वाटत असेल तर सप्टेंबर घ्या. ठरावीक बेट पाहायचंच असेल, सोबत वयस्कर आई-वडील असतील किंवा परतीचं भारताचं विमान लगेच असेल, तर ते स्वस्त तिकीट शेवटी महागच पडेल.

सप्टेंबर पक्का केलात तर विमा सफर नोंदवतानाच काढा. वादळाला नाव मिळाल्यावर काढलेल्या विम्यात त्या वादळाची भरपाई मिळत नाही. 'कोणत्याही कारणाने रद्द' हे कलम हवं असेल तर ते अमेरिकेतल्या पॉलिसींत सहसा पहिली रक्कम भरल्यापासून दोन-तीन आठवड्यांतच घेता येतं, आणि त्यातही खर्चाचा ५० ते ७५ टक्केच भाग परत येतो. सुटण्याच्या बंदराच्या शहरात एक दिवस आधी पोहोचा, आणि परतीचं विमान बदलता येईल असंच घ्या.