सहावी ते आठवी, जिल्हा परिषदेची शाळा: माझ्या मापाच्या वहीतून

पोरीला तालुक्याच्या इंग्रजी शाळेतून काढून गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावीत घातलं, त्याला आता दोन वर्षं होतील. दारात येणारी पिवळी गाडी बंद केली तेव्हा जाऊबाईनं विचारलं होतं, "काहून वो, धंदा बसला का?" धंदा बसला नव्हता. पोरगी इंग्रजीचं पान घडाघडा वाचायची आणि त्यात काय लिहिलंय ते विचारलं की माझ्याच तोंडाकडं बघायची. आता ब्लाऊज टाकायला येणारी प्रत्येक बाई विचारते, शाळा कशी आहे, लेकराला टाकावं का. सांगून सांगून तोंड दुखलं म्हणून एकदाच लिहिते. शाळेचं नाव घालत नाही, मला याच गावात राहायचंय. बीड जिल्ह्यातला धारूरकडचा डोंगरपट्टा एवढं समजून घ्या.

मी शिवणकाम करते, आणि शाळेचे गणवेशही माझ्याकडेच असतात. 2024 साली सरकारनं राज्यभर ठरावीक मापांनी कापड कापून बचतगटांकडून शिवून घेतलं होतं. आमच्याकडं ते कपडे दसऱ्याच्या तोंडावर आले. आठवीच्या पोराची पँट घोट्याच्या वर, सहावीच्या पोरीचा कुर्ता पार पोटरीपर्यंत. निम्मे तर मीच उसवून परत शिवले. पुढच्या वर्षी काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडं आलं आणि समितीनं मला दिलं. म्हणजे तिन्ही वर्गांतल्या प्रत्येक लेकराला माझी टेप लागलेली आहे. शाळेत कोण शिकतं हे हजेरीपटापेक्षा माझ्या वहीत बरं कळतं.

सातवीचं पान काढलं तर 17 कुर्ते आणि 11 पँटी. गावात पोरं कमी आहेत असं नाही. ज्याच्याकडं चार पैसे जमतात तो पोराला पिवळ्या गाडीत बसवतो आणि पोरीला इथं ठेवतो. एकाच घरातून सकाळी भाऊ टाय बांधून निघतो, बहीण पायी. जूनला 28 मापं घेतली, आज वर्गात बसतात 19. बाकीचे दिवाळी झाली की आईबापाच्या कोयत्याबरोबर ऊसतोडीला गेले, कुणी साताऱ्याकडं, कुणी कर्नाटकात.

शिकवण्याचं म्हणाल तर भाषेच्या मॅडमसाठी मी ही शाळा डोळे झाकून सांगेन. दर सोमवारी घरातली एक गोष्ट लिहून आणायला लावतात. माझ्या पोरीनं लिहिलं होतं, "आई कापड कापताना श्वास धरते." मला स्वतःला हे माहीत नव्हतं. मॅडमनी ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केलं आणि खाली लिहिलं, "आणि कात्री थांबल्यावर?" पोरीनं मग आणखी अर्धं पान लिहिलं. तीन हजार रुपये महिना भरून हे मला मिळालं नव्हतं.

गणिताची मात्र बोंब आहे. कायद्यात सहावी ते आठवीला विज्ञान-गणिताचा एक, समाजशास्त्राचा एक आणि भाषेचा एक शिक्षक सांगितलाय. आमच्याकडं पहिली जागा गेल्या वर्षापासून रिकामी. समाजशास्त्राचे सर गणित घेतात, माणूस कष्टाळू, पण त्यांच्या गळ्यात मतदार यादीचंही काम. भूमितीची दोन प्रकरणं "घरी बघा" म्हणून सोडली. घरी बघितली, शिवणाचा खडू आणि कंपास घेऊन. गळ्याचा गोल काढता येणाऱ्या बाईला वर्तुळ अवघड नाही, पण सगळ्यांच्या घरी मशीन नसते.

मुलींच्या संडासाला पाणी नाही. पोरी दुपारपर्यंत घोटभरसुद्धा पाणी पीत नाहीत. समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बाया असाव्यात असा कायदा आहे, त्याच हिशोबानं मीही सदस्य आहे. पण बैठकीला बोलावणं येण्याआधी रजिस्टरच घरी सहीला येतं. दोनदा सही केली, तिसऱ्यांदा नाही केली.

खिचडी चांगली असते. शिजवणाऱ्या मावशी फोडणीला हात आखडत नाहीत.

आता फाटकावरच्या फ्लेक्सचं. त्यावर आठवीच्या शिष्यवृत्तीत आणि एनएमएमएस या केंद्र सरकारच्या शिष्यवृत्तीत आलेल्या लेकरांचे फोटो आहेत. तो बघून शाळा चांगली का वाईट ठरवू नका. एनएमएमएस आहे साडेतीन लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांसाठी, नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये मिळतात. ही परीक्षा होते डिसेंबरात, आठवीची शिष्यवृत्ती 2026 पर्यंत फेब्रुवारीत होत आली. दोन्ही ऐन उसाच्या हंगामात. ज्यांच्यासाठी पैसा ठेवलाय त्यातली निम्मी लेकरं त्या दिवशी फडात असतात. गेलेल्या लेकरांना शाळेतून हमीपत्रक देतात, म्हणजे जिथं जाल तिथल्या शाळेत बसा. आमच्या गल्लीतल्या पोरीचं पत्रक जसं नेलं तसं घडीसकट परत आलं, एक शिक्का नाही. मागं राहणाऱ्यांसाठी हंगामी वसतिगृह असतं, आजीपाशी राहायचं आणि दोन वेळचं शाळेत जेवायचं. एका वर्षी ते सुरू व्हायला पौष उजाडला. तोवर बैलगाड्या कधीच गेल्या होत्या.

शाळेला मी मार्क देते ते गुढीपाडव्यानंतरचे. 2025 ला सरकारनं पहिली ते नववीचे पेपर 8 ते 25 एप्रिलला लावले. उन्हाच्या नावानं सगळ्यांनी बोटं मोडली, मीही मोडली. पण गल्लीतली ती पोरगी पाडव्याला परत आली होती. आधीसारखे एप्रिलच्या सुरुवातीलाच पेपर उरकले असते तर तिचं सहावीचं वर्ष कोरंच गेलं असतं. मॅडमनी अशा सहा जणांना आठ दिवस सकाळी सातला बोलावलं, पोरांच्या भाषेत "तोडीचा वर्ग". कुणी सांगितलं नव्हतं, पगार जास्त नाही. ती पोरगी पास झाली, मराठीत ब-1.

पेपरच्या आदल्या दिवशी ती गणवेश घेऊन माझ्याकडं आली होती. दसऱ्याला मिळालेला, एकदाही न घातलेला, इस्त्रीची घडी तशीच. आणि दसऱ्याला पोटरीपर्यंत लोंबणारा तोच कुर्ता आता बाहीला दोन बोटं आखूड. वाढवायला आत कापडच सोडलेलं नव्हतं.

यंदा तिच्या बाहीला आणि खालच्या घेराला मी चार बोटं माया ठेवली आहे. सध्या ती बेळगावकडं आहे, पाडव्याला येईल.