किराईत, शतावरी आणि मायकोरायझा: दहा महिने वापरल्यावर

गुहागरजवळ घरामागच्या वाडीत मी किराईत, शतावरी, अडुळशाची औषधी रोपं करून विकते. गेल्या मे महिन्यात मायकोरायझाची, म्हणजे झाडाच्या मुळाशी जोडून जगणाऱ्या बुरशीची, पावडर आणली. आता मार्च आला, तेव्हा अनुभव लिहायला हरकत नाही.

पहिली पिशवी फुकट गेली. आली तीच उन्हात तापून, आणि विक्रेत्याला कळवलं तर उत्तर नाही. पण निम्मी चूक माझीही होती. मी पावडर मातीवर भुरभुरली आणि वरून पाणी घातलं. ही बुरशी जिवंत मुळावरच जगते, मुळाला लागलीच नाही तर उपयोग काय? दुसऱ्या खेपेला रोपाच्या पिशवीतल्या खळग्यात चमचाभर पावडर घातली आणि मुळं थेट तिच्यावर टेकवली.

रोपांच्या पिशव्या भरायला मिश्रणं तीन केली होती आणि प्रत्येकात निम्मी रोपं बिनपावडरीची ठेवली होती. नुसत्या कोकोपीटचे (नारळाच्या सोडणांचा भुसा) जुलैत हाल झाले. वरून कोरडं दिसायचं, बोट खुपसलं की पाणी वर यायचं. शतावरीची मुळं कुजली, पावडर घातलेली आणि न घातलेली, दोन्ही. बुरशीलाही हवा लागतेच ना! त्यात आमच्याकडचं कोकोपीट खाडीच्या पाण्यात कुजवलेल्या सोडणांचं, त्यामुळे खारट. आता दोन-तीनदा गोड्या पाण्यात धुतल्याशिवाय मी ते वापरत नाही.

जांभ्याच्या लाल मातीत फरक सगळ्यात ठळक दिसला. ही माती आम्लधर्मी, तिच्यातलं लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरद (फॉस्फरस) धरून ठेवतं. मुळं पोचत नाहीत तिथवर बुरशीचे धागे जातात आणि तो स्फुरद आणून देतात. पावडरीतलं किराईत ऑगस्टात शेजारच्या रोपांहून वीतभर उंच होतं. एका ओळीला मात्र मी सुपर फॉस्फेट हे स्फुरदाचं खत दिलं होतं, तिथे काहीच फरक नाही. स्फुरद आयता मिळाला की झाड बुरशीला फारसा थारा देत नाही. तिसरं मिश्रण लाल माती, शेणखत, धुतलेलं कोकोपीट आणि भाताचं भाजलेलं तूस यांचं. त्यात पावडरीचा फरक कमी दिसला, पण एकही रोप मेलं नाही. विकायची रोपं मी यापुढे यातच करणार.

मुळांवर पांढरी जाळी दिसली की लोक खूश होतात, पण ती बहुधा दुसरीच बुरशी असते. मायकोरायझा मुळाच्या आत असतो, आणि बाहेर जाणारे त्याचे धागे नुसत्या डोळ्यांना सहसा दिसत नाहीत. माझी भाची बी.एस्सी.ला आहे. तिने किराईताची बारीक मुळं पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये उकळली, शाई मिसळलेल्या व्हिनेगरमध्ये रंगवली आणि कॉलेजच्या सूक्ष्मदर्शकाखाली मला दाखवली. पेशींमधून गेलेले निळे धागे आणि मध्ये मध्ये गोल फुगे. मी कितीतरी वेळ डोळा हलवला नाही.

किराईत फुलावर आल्यावर कापलं. काढा पिऊन सासूबाई म्हणाल्या, "कडू तस्संच आहे गो, पण पानं चांगली भरलीत." जिभेवरून सत्त्व मोजता येत नाही, त्यामुळे पावडरीने औषधी गुण वाढले असं मी गिऱ्हाइकाला सांगत नाही. पाला जास्त निघाला, एवढंच सांगते.

मोहरी, मुळा, कोबी, पालक यांना ही पावडर घालून पैसे घालवू नका, त्यांच्या मुळांत ती रुजत नाही. शतावरी अजून खणलेली नाही. कंद भरायला दीड वर्ष तरी हवं, तेव्हा तो हिशेब पुढच्या थंडीत.