बासुंदीतील जिवाणूची ओळख : मकरपुऱ्यातील एका प्रयोगशाळेच्या सेवेविषयी

बडोद्यात अन्नपदार्थांची जिवाणू-तपासणी करून देणाऱ्या खासगी प्रयोगशाळा आहेत, परंतु लहान व्यावसायिकाच्या हाती त्यांच्याकडून बहुधा एक आकडा पडतो : एका ग्रॅममागे इतक्या वसाहती. जिवाणू किती आहेत हे त्यावरून कळते. कोणते आहेत आणि कोठून आले असावेत हे कळत नाही. मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतील एका प्रयोगशाळेची जिवाणू-ओळख सेवा आम्ही घेतली. तिच्या अहवालात नावासोबत त्या नावामागचा पुरावाही लिहिलेला होता, म्हणून तिच्याविषयी सविस्तर लिहावेसे वाटते.

दांडिया बाजारात आमचा बासुंदी-श्रीखंडाचा घरगुती व्यवसाय आहे. उन्हाळ्यात फ्रिजमध्ये ठेवलेल्या बासुंदीत बारीक गाठी धरू लागल्या. चव आंबट नव्हती, किंचित कडवट होती. आंबटपणा न येता दूध नासते तेव्हा आम्लापेक्षा प्रथिने तोडणाऱ्या विकरांवर (एन्झाइमांवर) संशय घ्यावा लागतो. आधी दाखवलेल्या एका प्रयोगशाळेने ‘ई. कोलाय आढळला नाही’ असे लिहून विषय संपवला होता. ई. कोलाय उकळीत मरतो आणि बासुंदी तर तासन्‌तास आटवलेली असते. तेव्हा त्या उत्तराने आमच्या प्रश्नाला स्पर्शही झाला नव्हता.

मकरपुऱ्यातील सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ बाईंनी नमुना घेण्याआधी दूध किती वेळ उकळते, मग कोणत्या भांड्यात निवते आणि फ्रिजमध्ये केव्हा जाते, याची चौकशी केली. नमुना निर्जंतुक बाटलीत, बर्फाच्या पेटीतून आणायला सांगितला. त्यांनी प्रथम शुद्ध संवर्ध, म्हणजे एकाच जिवाणूची वेगळी वाढ, मिळवला, कारण मिश्र वसाहतीवर केलेली कोणतीही चाचणी, मग ती कितीही महाग असो, दोन जिवाणूंचे गुण एकाच्या नावावर मांडते. त्यानंतर ग्रामची रंजनपद्धत : १८८४ साली हान्स क्रिश्चन ग्राम यांनी प्रसिद्ध केलेली ही पद्धत आजही पहिली पायरी आहे. क्रिस्टल व्हायोलेट, आयोडीन, अल्कोहोल आणि शेवटी सॅफ्रानिन या क्रमाने रंगवल्यावर जाड पेशीभित्तिकेचे जिवाणू जांभळे राहतात. आमच्या नमुन्यातले दंडाकार जिवाणू जांभळे निघाले. मॅलाकाइट ग्रीनने त्यांच्यातील बीजाणू, म्हणजे उष्णता सोसणारी सुप्त रूपे, हिरवे दिसले, आणि उकळीनंतरही जिवाणू कसे उरले याचा उलगडा तेथेच झाला.

पुढे मॅनिटॉल, अंड्याचा बलक आणि पॉलिमिक्सिन असलेल्या माध्यमावर वसाहती गुलाबी उगवल्या आणि त्यांच्याभोवती दुधाळ वलय उमटले. मॅनिटॉलपासून आम्ल न झाल्याने रंग गुलाबी राहतो, आणि बलकातील लेसिथिन तुटल्यामुळे वलय येते. बॅसिलस सीरियसची ही नेहमीची खूण आहे.

मग त्यांनी प्रथिनांच्या वजनांवरून जिवाणू ओळखणाऱ्या माल्डी-टॉफ यंत्राचा उपयोग केला. ताज्या वसाहतीतील प्रथिने फॉर्मिक आम्ल आणि ॲसिटोनायट्राइल वापरून बाहेर काढतात, ती आधारद्रव्यात मिसळून लेसरने आयनित करतात, आणि सुमारे २,००० ते २०,००० डाल्टन (रेणूच्या वजनाचे एकक) या पट्ट्यातील, मुख्यतः रायबोसोमच्या प्रथिनांचा वर्णपट संग्रहातील नोंदींशी पडताळतात. एरवी दिवस लागणारे काम येथे काही मिनिटांत होते. जुन्या वसाहतीत बीजाणू वाढलेले असतात आणि वर्णपट बदलतो, म्हणून ताजी वाढ घेण्याचा त्यांचा आग्रह होता. त्यांच्या यंत्राच्या प्रचलित निकषाप्रमाणे जुळणीचा गुणांक २.० वा अधिक असेल तर जातीपर्यंत (स्पीशीज) आणि १.७ ते १.९९ असेल तर प्रजातीपर्यंतच (जीनस) ओळख धरतात.

मला या सेवेचे खरे मोल पुढच्या वाक्यात दिसले. गुणांक उत्तम असूनही अहवालात ‘बॅसिलस सीरियस’ एवढेच न लिहिता ‘बॅसिलस सीरियस गट’ असे लिहिले होते, आणि खाली कारण दिले होते : या गटात बॅसिलस थुरिंजिएन्सिस आणि बॅसिलस ॲन्थ्रॅसिस हेही येतात आणि नित्याच्या वर्णपटावरून त्यांना खात्रीने वेगळे करता येत नाही. जिवाणू ओळखायला वापरतात त्या, जवळजवळ १,५०० बेसजोड्यांच्या १६एस जनुकाचा क्रम काढून घ्यावा का, असे मी विचारले. बाईंनी स्वतःच नको म्हटले, कारण या गटात तो क्रम जवळजवळ सारखाच असतो आणि माझे पैसे वाया गेले असते. मेदाम्लांच्या विश्लेषणाचीही तीच गत : वायू-वर्णलेखनाने मिळणारा आलेख संवर्धाच्या तापमानासोबत बदलतो आणि इतक्या जवळच्या भावंडांत निर्णायक ठरत नाही. त्याऐवजी त्यांनी साध्या चाचण्या केल्या. जिवाणू चल होता आणि रक्तमाध्यमावर रक्तपेशी विघटित करत होता. ॲन्थ्रॅसिस सहसा अचल असतो आणि रक्तपेशी फोडत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली थुरिंजिएन्सिसचे प्रथिन-स्फटिक दिसले नाहीत. जो खर्च करायला लावण्यात प्रयोगशाळेचाच फायदा होता, तो टाळायला सांगणे मला फार मोलाचे वाटते.

उणिवाही सांगायला हव्यात. अहवाल केवळ इंग्रजीत मिळतो आणि गुणांकाचा अर्थ विचारल्याशिवाय कळत नाही. माल्डी-टॉफचे शुल्क लहान व्यावसायिकाला जड जाते. एनएबीएल या प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची मान्यता संपूर्ण प्रयोगशाळेला नसून ठरावीक चाचण्यांना असते. येथे जिवाणूसंख्या त्या व्याप्तीत होती, पण माल्डी-टॉफ नव्हते, आणि ही गोष्ट दरपत्रकावर ठळकपणे छापायला हवी होती. व्याप्तीची यादी मागितल्यावर मात्र लगेच दिली. विषाची तपासणीही येथे होत नाही. या जिवाणूचे वांतिकारक विष पुन्हा उकळूनही नष्ट होत नाही, त्यामुळे ज्यांच्या मालामुळे कोणी आजारी पडले असेल त्यांना दुसरीकडे जावे लागेल.

बासुंदी मोठ्या पातेल्यात सावकाश निवते तेव्हा उरलेले बीजाणू अंकुरतात, असे बाईंनी समजावले. आता आम्ही ती उथळ परातींत ओतून, खाली बर्फाचे पाणी ठेवून लवकर थंड करतो आणि पातेल्यांचे काठ व झाऱ्याचे सांधे रोज घासतो. त्यानंतरच्या नमुन्यांत हा गट आढळला नाही. केवळ एकूण जिवाणूसंख्या हवी असेल त्यांना घराजवळची, स्वस्त प्रयोगशाळा पुरेल. खराब होण्याचे कारण शोधायचे असेल त्यांनी मकरपुऱ्याला जावे, आणि जाताना खराब डब्याबरोबर त्याच घाण्यातला एक चांगला डबाही न्यावा.