क्लासिक ३५० की स्पीड ४००: सीसीच्या आकड्यामागे काय आहे?

रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५० घ्यावी की ३९८ सीसीची ट्रायम्फ स्पीड ४००, असं विचारणारे बहुतेक जण पुढे म्हणतात, ‘पन्नास सीसीचा तर फरक आहे.’ हिशेब बरोबर आहे, ३४९ आणि ३९८ मध्ये १४ टक्क्यांचाच फरक. पण ताकद बघा: एकीकडे २०.२ बीएचपी, दुसरीकडे ३९.५. १४ टक्के जास्त जागेतून जवळजवळ दुप्पट ताकद येते कुठून, हे समजलं की निवड बरीच सोपी होते.

पिस्टन तळापासून वरपर्यंत जाताना जेवढी जागा पार करतो, तेवढे सीसी. सिलिंडरची रुंदी म्हणजे बोअर, पिस्टनची धाव म्हणजे स्ट्रोक. क्लासिकचं बोअर ७२ मिमी आणि स्ट्रोक ८५.८ मिमी, म्हणजे सिलिंडर उंच आणि अरुंद. स्पीडचं बोअर ८९ मिमी आणि स्ट्रोक फक्त ६४ मिमी, म्हणजे बुटका आणि रुंद.

इथे एक समज दूर करायला हवा. ‘लाँग स्ट्रोक म्हणून टॉर्क जास्त’ हे गॅरेजमध्ये सतत ऐकू येतं. टॉर्क म्हणजे इंजिनचा फिरवण्याचा जोर. लांब स्ट्रोकमुळे क्रँकला, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतो त्या दांड्याला, तरफ जास्त मिळते हे खरं, पण अरुंद पिस्टनवर जोरही त्याच प्रमाणात कमी पडतो. सीसी आणि दाब सारखेच असतील तर हिशेब तिथल्या तिथे फिटतो. क्लासिक खालच्या आरपीएमला (इंजिनच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्या) ओढते त्याचं श्रेय दोनच व्हॉल्व्ह (हवा आत-बाहेर सोडणाऱ्या झडपा) असलेल्या हेडला, म्हणजे सिलिंडरच्या झाकणाला, त्या झडपा उघडणाऱ्या आणि संथ चालीसाठी बेतलेल्या कॅमला आणि जड क्रँकला द्यायला हवं. तिचा २७ न्यूटन-मीटर टॉर्क ४,००० आरपीएमलाच पूर्ण हाती येतो. स्पीडचा ३७.५ आहे, पण त्यासाठी ६,५०० पर्यंत जावं लागतं.

स्ट्रोकचा खरा परिणाम दिसतो तो पिस्टनच्या वेगावर. कमाल ताकदीला क्लासिक ६,१०० आरपीएमवर असते आणि पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला सुमारे १७.४ मीटर होतो. स्पीड तेव्हा ८,००० वर असते, तरी तिचा पिस्टन १७.१ मीटरनेच धावतो. मला या दोन इंजिनांमधली ही सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. पिस्टनचा सरासरी वेग जवळपास तोच, पण धाव आखूड असल्यामुळे स्पीडला मिनिटाला जास्त फेऱ्या परवडतात. शिवाय रुंद बोअरमुळे हेडमध्ये चार व्हॉल्व्ह ऐसपैस बसतात, त्यामुळे वरच्या आरपीएमलाही इंजिनचा श्वास कोंडत नाही. दुपटीचं कोडं मुख्यतः इथे सुटतं.

आता कॉम्प्रेशन, म्हणजे पेटण्याआधी हवा आणि पेट्रोलचं मिश्रण किती पट दाबलं जातं ते. क्लासिकचा रेशो ९.५:१, स्पीडचा १२:१. पिस्टन अगदी वर आला की हेडखाली थोडी पोकळी उरते. क्लासिकमध्ये ती सुमारे ४१ सीसी, स्पीडमध्ये जेमतेम ३६. मोठ्या इंजिनातली पोकळी लहान! मिश्रण जितकं जास्त दाबाल तितकं त्याच पेट्रोलमधून काम जास्त निघतं. मात्र कागदावरच्या हिशेबाने ९.५ वरून १२ वर गेल्याचा फायदा सहा टक्क्यांच्या आसपासच भरतो, म्हणून नुसत्या कॉम्प्रेशनच्या आकड्यावर भाळू नये.

त्याची किंमतही मोजावी लागते. दाबलेलं मिश्रण तापतं आणि फार तापलं की ठिणगीच्या ज्वाळेची वाट न पाहता स्वतःच पेटतं. यालाच आपण ‘इंजिन नॉक मारतंय’ म्हणतो. म्हणून १२:१ च्या स्पीडला रेडिएटर आणि कूलंट लागतं, तर ९.५:१ ची क्लासिक हवा आणि तेलावर भागवते. होस, पंप, कूलंटची पातळी यांकडे लक्ष देण्याचा कंटाळा असेल, तर याला महत्त्व द्या.

खंबाटकी घाटात भरलेल्या ट्रकमागे, मागच्या सीटवर माणूस आणि सामान असताना क्लासिक एकाच गिअरमध्ये शांतपणे चढत राहते. स्पीड तिथे गिअर पाडायला लावते. खालच्या आरपीएमला रेटलं तर अंग झटकते. पण घाट संपून साताऱ्याकडे रस्ता मोकळा झाला की चित्र उलटतं. नव्वदच्या पुढे क्लासिककडे ओव्हरटेकसाठी फारसं काही शिल्लक नसतं आणि स्पीडची खरी मजा तिथे सुरू होते.

खर्चाचं बघायचं तर २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकलींवर १८ टक्के जीएसटी आहे आणि त्यापुढे ४०. ऑन-रोड किमती मागताना हे लक्षात ठेवा.

रोजचं शहर, मागे कुटुंबातलं कुणीतरी आणि सुट्टीत गावाकडे सावकाश प्रवास असेल तर मी क्लासिकच सुचवेन. एकट्याने लांब पल्ले मारायचे आणि वेग हवा असेल तर स्पीडला तोड नाही. टेस्ट राइडला शोरूमभोवती नुसती चक्कर मारू नका. एखादा चढ गाठा, मागे कुणाला तरी बसवा, तिसऱ्या गिअरमध्ये ताशी तीसवर या आणि थ्रॉटल हळूहळू उघडा. मग मोकळ्या रस्त्यावर सत्तरवरून एक ओव्हरटेक करून बघा. दोन्ही गाड्या एकाच दिवशी, त्याच रस्त्यावर चालवा.